चमचाभर साखर आणि पोतेभर सिमेंट

(सिमेंटमध्ये पाणी घातले की काही तासांत ते दगडासारखे होते. असे का होते? हा वेळ लांबवता येतो का? आणि तो लांबवण्याची गरज कधी पडते? या पाठात एका गळक्या छताच्या निमित्ताने ही माहिती दिली आहे.)

सोलापूरकडच्या एका घराची ही गोष्ट आहे. पावसाळा सुरू झाला की त्या घराचे छत गळू लागे. नवल असे की, पाणी सगळ्या छतातून ठिबकत नसे. खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ओलीची एक सरळ रेघ उमटे आणि त्या रेघेतूनच थेंब पडत. घरातील माणसे दरवर्षी तिथे बादल्या मांडून ठेवत.

एके वर्षी घरातील आजीने एका अनुभवी मिस्त्रीला बोलावले. मिस्त्रीने छताकडे पाहिले आणि विचारले, ''अम्मा, हा स्लॅब उन्हाळ्यात घातला होता का?''

''हो बेटा, मे महिन्यात. तुला कसे कळले?''

''आणि काम मध्येच थांबले होते?''

''मिक्सर बंद पडला होता. दुपारी दोन-अडीच तासांनी तो पुन्हा सुरू झाला.''

''मग अम्मा, तुमच्या डोक्यावर एक स्लॅब नाही, दोन आहेत. ते एकमेकांना चिकटलेच नाहीत.''

मिस्त्रीने रेघेवर खाच पाडून ती सिमेंटने भरायचे ठरवले. आजी आतून गुळाची ढेप घेऊन आली. ती म्हणाली, ''हा गूळ घाल त्यात. आमचे आजोबा चुन्यात गूळ घालायचे. दीडशे वर्षांची भिंत अजून उभी आहे.''

मिस्त्री हसला. म्हणाला, ''अम्मा, गूळ चुन्याला चालतो, सिमेंटला चालत नाही. हा गूळ आपण चहात घालू.''

मुलांनो, मिस्त्रीला स्लॅबची हकीकत नुसत्या ओलीवरून कशी कळली? आणि त्याने गूळ घालायला नकार का दिला? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. ते समजण्यासाठी आधी सिमेंट म्हणजे काय ते पाहू.

सिमेंट वाळत नाही

'सिमेंट वाळले' असे आपण सहज बोलतो; पण ते बरोबर नाही. ओला कपडा वाळतो, कारण त्यातील पाणी उडून जाते. सिमेंटचे तसे नसते. सिमेंटमधील पाणी उडून गेले तर ते कच्चे राहते. पुलांचे खांब नदीच्या पाण्यात उभे असतात. तिथे वाळण्याचा प्रश्नच नाही. तरी त्यांचे सिमेंट घट्ट होते. म्हणजे सिमेंट पाणी गमावून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. या क्रियेला जलसंयोग म्हणतात.

आज आपण वापरतो त्या सिमेंटला पोर्टलंड सिमेंट असे नाव आहे. इंग्लंडमधील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन या गवंड्याने १८२४ साली त्याचे पेटंट घेतले. इंग्लंडमध्ये पोर्टलंड येथे बांधकामाचा एक प्रसिद्ध दगड मिळतो. घट्ट झालेले सिमेंट त्या दगडासारखे दिसते, म्हणून त्याने हे नाव दिले. पुढे या सिमेंटमध्ये पुष्कळ सुधारणा झाल्या.

सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडक आणि चिकणमाती यांची पूड मोठ्या फिरत्या भट्टीत भाजतात. भट्टीतील तापमान सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. भट्टीतून काळपट रंगाचे कठीण गोळे बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर दळून त्याची बारीक पूड केली की सिमेंट तयार होते.

या पुडीत मुख्यतः चार संयुगे असतात. त्यांपैकी दोन कॅल्शियम सिलिकेटे आहेत. सिमेंटला बळकटी मुख्यतः तीच देतात. तिसरे कॅल्शियम ॲल्युमिनेट आहे. ते फार उतावळे असते. पाणी मिळताच ते झपाट्याने संयोग पावते. चौथ्या संयुगात लोह असते. सिमेंटचा करडा रंग मुख्यतः त्याच्यामुळे येतो.

पाणी घातल्यावर काय होते?

सिमेंटमध्ये पाणी घातले की पहिल्या काही मिनिटांत थोडी उष्णता बाहेर पडते. मग सगळे शांत होते. हा शांत काळ साधारणपणे एक ते तीन तासांचा असतो. या काळात माल मऊ राहतो. तो घमेल्यात भरता येतो, ओतता येतो, थापीने सारखा करता येतो. बांधकामाची सगळी कामे या शांत काळाच्या जोरावर चालतात.

त्यानंतर जलसंयोगाला वेग येतो. सिमेंटच्या कणांभोवती कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट नावाच्या पदार्थाचे अतिशय सूक्ष्म तंतू वाढू लागतात. एका कणाचे तंतू शेजारच्या कणाच्या तंतूंत गुंततात. त्यांच्या जाळ्यात वाळू आणि खडी पक्की धरली जाते. माल आकार बदलेनासा होतो. यालाच 'सिमेंट सेट झाले' असे म्हणतात. मात्र सेट होणे म्हणजे बळकट होणे नव्हे. बळकटी हळूहळू येते. म्हणून काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी मोजण्याची पद्धत आहे. तोवर सिमेंटला पाणी कमी पडू नये म्हणून आपण नव्या बांधकामावर रोज पाणी मारतो.

सिमेंट कधी सेट झाले हे कसे ठरवायचे? त्यासाठी प्रयोगशाळेत व्हिकॅट उपकरण वापरतात. लुई व्हिकॅट या फ्रेंच अभियंत्याचे नाव त्याला दिले आहे. ४० मिलिमीटर खोलीच्या साच्यात कालवलेले सिमेंट भरतात आणि त्यावर एक बारीक सुई सोडतात. माल मऊ असेल तर सुई तळापर्यंत जाते. ती तळापासून सुमारे ५ मिलिमीटर वर अडली की सेट होण्यास आरंभ झाला असे मानतात. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटला ही वेळ ३० मिनिटांच्या आत येता कामा नये, आणि ते पूर्णपणे सेट होण्यास ६०० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागता कामा नये.

उन्हाळा आणि घाई

आता मे महिन्यातील दुपार डोळ्यांपुढे आणा. सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर गेला आहे. खडी तापली आहे, वाळू तापली आहे, लोखंडी सळीला हात लावता येत नाही. उष्णता वाढली की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. तापमान १० अंशांनी वाढले तर तो ढोबळमानाने दुप्पट होतो. सिमेंटचेही तसेच आहे. त्याचा शांत काळ आखूड होतो. सकाळी जो माल दोन तास मऊ राहिला असता, तो दुपारी फार लवकर ताठ होतो.

आजीच्या घरी हेच घडले होते. अर्धा स्लॅब ओतून झाला आणि मिक्सर बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत ओतलेल्या मालाची कड सेट झाली. तिच्या शेजारी नवा माल पडला, पण जुन्या मालाच्या तंतूंची गुंफण आधीच होऊन गेली होती. नवा माल त्यात मिसळला नाही. तो नुसता टेकून बसला. दोघांमध्ये केसाएवढी फट राहिली. बांधकामाच्या भाषेत अशा जोडाला 'कोल्ड जॉइंट' म्हणतात. पावसाचे पाणी नेमके तिथूनच वाट काढते.

माल ताठ होऊ लागला की काही ठिकाणी कामगार त्यात वरून पाणी ओततात. माल पुन्हा पातळ होतो आणि काम सोपे वाटते. पण ही मोठी चूक आहे. जलसंयोगाला ठरावीकच पाणी लागते. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. असे काँक्रीट कमजोर होते. शिवाय त्या पोकळ्यांतून ओल आत शिरते आणि सळ्या गंजतात.

मग उन्हाळ्यात वेळ मिळवायचा कसा?

मंदक म्हणजे काय?

सिमेंटचा शांत काळ लांबवणारे पदार्थ आहेत. त्यांना मंदक म्हणतात. बांधकामावर त्यांना 'रिटार्डर' या नावाने ओळखतात.

पहिला मंदक तर प्रत्येक पोत्यात आधीपासूनच असतो. त्याचे नाव जिप्सम. क्लिंकर दळताना त्यात थोडे जिप्सम घालतात. ते नसते तर उतावळ्या कॅल्शियम ॲल्युमिनेटने काही मिनिटांतच माल आवळून टाकला असता. घमेले मिक्सरपासून स्लॅबपर्यंत नेईतोवर त्याचा गोळा झाला असता. जिप्सम त्या संयुगाला आवरून धरते, म्हणून आपल्याला काम करायला वेळ मिळतो.

याहून जास्त वेळ हवा असेल तर पाण्याबरोबर दुसरे मंदक मोजून घालतात. लाकडापासून कागदाचा लगदा करताना लिग्नोसल्फोनेट नावाचा पदार्थ मिळतो. तो मंदक म्हणून वापरतात. ग्लुकोजपासून मिळणारी ग्लुकोनेटेही वापरतात. लिंबातील सायट्रिक आम्ल आणि चिंचेतील टार्टारिक आम्ल हेही सिमेंटला थांबवतात. आणि या सगळ्यांत आपल्या ओळखीचा, स्वयंपाकघरातील मंदक म्हणजे साखर!

साखर सिमेंटला कशी थांबवते? यासाठी घरातील एक गोष्ट आठवा. शाही टुकडा किंवा गुलाबजाम करताना आई साखरेचा पाक करते. पाकात साखरेचे खडे होऊ नयेत म्हणून ती त्यात लिंबाचे चार थेंब पिळते. लिंबातील आम्लामुळे थोड्या साखरेचे निराळ्या शर्करांत रूपांतर होते. या परक्या शर्करा साखरेच्या स्फटिकांच्या आड येतात, त्यामुळे स्फटिक वाढत नाहीत आणि पाक पातळ राहतो.

सिमेंटमध्ये साधारण असेच घडते. फक्त येथे साखरच परकी असते. जलसंयोगातून नव्या पदार्थांचे पहिले सूक्ष्म अंकुर फुटू लागतात. साखरेचे रेणू त्यांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. अंकुरांची वाढ खुंटते. तंतू लांबत नाहीत, एकमेकांत गुंतत नाहीत. शांत काळ लांबतो. साखर थोडी असेल तर काही तासांनी तिचा प्रभाव संपतो आणि थांबलेली क्रिया पुन्हा वेगाने सुरू होते. तेव्हा योग्य प्रमाणात घातलेला मंदक सिमेंटला मारत नाही. तो फक्त त्याला 'जरा थांब' असे सांगतो.

सगळे काही प्रमाणात

आता हे प्रमाण किती लहान असते ते पाहू. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखर घातली तर सेट होण्यास सुमारे चार तासांचा उशीर होतो. सिमेंटचे पोते ५० किलोचे असते. त्याचे ०.०५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चहाच्या चमच्याने मोजले तर ही साखर पाच-सहा चमचे भरेल. एवढ्याशा साखरेने पोतेभर सिमेंट चार तास थांबते!

हेच प्रमाण ०.२ ते १ टक्क्यापर्यंत नेले, म्हणजे एका पोत्याला १०० ते ५०० ग्रॅम साखर घातली, तर सिमेंट जवळजवळ सेटच होत नाही. आजीच्या ढेपेतील गुळाचा एक बरासा खडा एका पोत्याचे सिमेंट वाया घालवायला पुरेसा होता. कारण गुळातही मुख्यतः साखरच असते.

मग आजीच्या आजोबांचे काय चुकले होते? काहीच नाही. ते चुन्यात बांधकाम करत होते. चुना आणि सिमेंट यांच्या घट्ट होण्याच्या रीती वेगळ्या आहेत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून अगदी सावकाश घट्ट होतो. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थ घालण्याची आपल्याकडे जुनी पद्धत होती. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो आणि कालवा चांगला मिळून येतो. विजापूरचा गोलघुमट १६५६ साली पूर्ण झाला, तोही चुन्यातच बांधलेला आहे. जुने ज्ञान खोटे नव्हते. पण ते चुन्याचे ज्ञान होते. सिमेंटला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही.

म्हणून बांधकामावर मालात साखर मिसळू नये याची काळजी घ्यावी लागते. साखर भरलेल्या गोणीत वाळू भरू नये, गुळाच्या काहिलीत माल कालवू नये, असे जाणते मिस्त्री सांगतात. काँक्रीट बनवताना सहसा साखर वापरतही नाहीत, कारण तिचे प्रमाण थोडे चुकले तरी नुकसान होते. त्याऐवजी कारखान्यात तयार केलेले, तपासलेले मंदक वापरतात. त्यांचेही प्रमाण आधी थोड्या मालावर प्रयोग करून ठरवतात.

मंदकाचा उपयोग कोठे होतो?

शहरांत काँक्रीट कारखान्यात कालवून मोठ्या फिरत्या ड्रमच्या ट्रकमधून आणतात. हे तुम्ही रस्त्यावर पाहिले असेल. भारतीय मानकाप्रमाणे असा माल ट्रकमध्ये भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा असतो. मंदक घातला असेल तर जास्त वेळ चालतो. वाटेत ट्रक बंद पडला आणि ड्रममध्ये माल सेट झाला, तर ड्रमचा दगडच होतो. तो फोडून काढावा लागतो. अशा संकटात काही चालक ड्रममध्ये साखर ओततात. माल वाया जातो, पण ड्रम वाचतो.

मोठा स्लॅब किंवा पुलाचा पाया अनेक तास न थांबता ओतावा लागतो. पहिला थर मऊ असतानाच दुसरा थर त्यात मिसळला पाहिजे. तिथे मंदक उपयोगी पडतो. खनिज तेलाच्या विहिरी खोदताना लोखंडी नळी आणि जमीन यांच्यामधली जागा सिमेंटने भरतात. जमिनीत जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. सिमेंट वाटेतच आवळू नये म्हणून खोल विहिरींच्या सिमेंटमध्येही मंदक घालतात.

मात्र मंदक म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. तो घातल्यावर माल जास्त वेळ मऊ राहतो. कडक उन्हात तेवढ्या वेळात वरचे पाणी उडून जाते आणि पृष्ठभागावर भेगा पडतात. म्हणून स्लॅब ओल्या गोणपाटाने किंवा प्लास्टिकने झाकावा लागतो. सुरुवातीची बळकटी उशिरा येते, त्यामुळे सेंटरिंग काढण्याची घाई करता येत नाही. मंदक सिमेंटची एकूण उष्णताही फारशी कमी करत नाही. ती फक्त उशिरा बाहेर पडते. म्हणून उन्हाळ्यात खडीवर पाणी शिंपडून ती थंड करणे, थंड पाणी वापरणे आणि पहाटे किंवा संध्याकाळी काम करणे हे उपाय करावेच लागतात.

आजीचे छत

आजीच्या घरी स्लॅब घालताना मालात योग्य मंदक असता, तर मिक्सर दुरुस्त होईपर्यंत ती कड मऊ राहिली असती आणि नवा माल तिच्यात मिसळला असता. मंदक नव्हता, तरी वाट होती. काम तेवढ्यावर थांबवून कड पूर्ण घट्ट होऊ द्यायची, ती टोचून खरखरीत करायची, धुऊन स्वच्छ करायची आणि मगच पुढचा माल ओतायचा. पण त्या दिवशी कोणालाही थांबायचे नव्हते.

मिस्त्रीने रेघेवर खाच पाडली, ती भरली आणि सात दिवस तिच्यावर पाणी मारायला सांगितले. पुढच्या पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागल्या नाहीत. तरी जाताना तो आजीला म्हणाला, ''अम्मा, वरून दोन वर्षांनी एकदा बघून घेत जा. मी फट बुजवली आहे. दोन स्लॅबचा एक स्लॅब मला करता येत नाही.''

सिमेंट एकदाच सेट होते. नंतर चूक सुधारायला ते मऊ होत नाही. म्हणून त्याच्या मऊपणाचे ते दोन-चार तास मोलाचे आहेत. ते किती आहेत हे ओळखणे, आणि गरज पडली तर मोजून वाढवणे, हेच बांधकामाचे शास्त्र आहे.

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पोर्टलंड सिमेंटचे पेटंट कोणी व कोणत्या साली घेतले?
(आ) सिमेंटच्या प्रत्येक पोत्यात कोणता मंदक असतो?
(इ) काँक्रीटची ताकद किती दिवसांनी मोजतात?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) 'सिमेंट वाळले' असे म्हणणे बरोबर नाही.
(आ) ताठ होऊ लागलेल्या मालात वरून पाणी ओतू नये.
(इ) मिस्त्रीने सिमेंटमध्ये गूळ घालू दिला नाही.

प्रश्न ३. एका कामाला सिमेंटची ८ पोती लागणार आहेत. ०.०५ टक्के या प्रमाणाने किती ग्रॅम मंदक लागेल?

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा : मऊ, उतावळा, कच्चे, अनुभवी.

उपक्रम : शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन कागदी पेल्यांत प्रत्येकी १०० ग्रॅम सिमेंट घ्या. एका पेल्यात साधे पाणी घालून ते कालवा. दुसऱ्यात तेवढेच पाणी घाला. पण त्यात आधी १ ग्रॅम साखर विरघळवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पेल्यांतील सिमेंट काडीने टोचून पाहा आणि निरीक्षण लिहा. ओल्या सिमेंटने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घाला आणि नंतर हात स्वच्छ धुवा.